मुरमाच्या रस्त्यावर कोण जिंकतं?

लहानपणी खेड्यात सायकल चालवलेल्या प्रत्येकीला मुरमाचा रस्ता ठाऊक असतो. पुढचा ब्रेक कचकन दाबला की चाक सरकलंच म्हणून समजा. चढावर उभं राहून पायडल मारलं की मागचं चाक जागेवरच गरगरतं. वर फुफाटा नाकातोंडात. आपल्या मराठवाड्यात हे शिकवायला वेगळा कोच लागत नाही, दोन-चारदा गुडघे फुटले की आपोआप कळतं!

पण मैत्रिणींनो, अशाच रस्त्यावर जगातल्या नामवंत महिला सायकलपटूंची दरवर्षी मार्च महिन्यात परीक्षा असते. इटलीतल्या सिएना या जुन्या गावाभोवती ही शर्यत होते. नाव आहे ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे पांढरे रस्ते. डांबर न पडलेले, पांढऱ्या माती-खडीचे. २०२५ साली महिलांची शर्यत १३६ किलोमीटरची होती. आपल्या नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठावं, साधारण तेवढं अंतर. तेही एका दिवसात आणि त्यातले जवळपास ५० किलोमीटर कच्च्या रस्त्याचे. बरं, एवढं करून सुटका नाही. शेवटी गावातली एक अरुंद गल्ली चढायची. तिथला चढ काही ठिकाणी १६ टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सोळा मीटर वर! त्यानंतर मोठ्या चौकात शर्यत संपते.

मग अशा शर्यतीत जिंकायची संधी कुणाला जास्त? ताकद हवीच. पण नुसत्या ताकदीचं इथं काही चालत नाही. खडीवर सीटवर बसूनच जोर लावावा लागतो, म्हणजे मागच्या चाकावर वजन राहतं. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवतात, म्हणजे पकड येते. शिवाय पुढे राहणं महत्त्वाचं. मागे राहिलेलीला धूळही जास्त आणि कुणी पडलं तर अडकून बसायची भीतीही जास्त.

२०२३ची शर्यत ऐका. अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर एकटीच पुढे निघून गेली होती. मागून नेदरलँड्सची डेमी व्होलरिंग निघाली, तर तिच्या वाटेत चक्क एक मोकाट घोडा! आपल्याकडे म्हशी आडव्या येतात तसा. तेवढ्यात तिच्याच संघाची, बेल्जियमची लोटे कोपेकी तिला येऊन मिळाली. दोघींनी मिळून सिएनाजवळ फॉकनरला गाठलं. नंतर मात्र दोघींत अशी चुरस झाली, की निकाल फोटो बघून द्यावा लागला. व्होलरिंग जिंकली. ही पोरगी आधी फुलांच्या व्यवसायात होती बरं का! तिसऱ्या आलेल्या फॉकनरला पुढे बाद केलं, कारण तिनं अंगावर रक्तातली साखर मोजणारं यंत्र लावलं होतं आणि शर्यतीत त्याला बंदी आहे. पण ती काही रडत बसली नाही. पुढच्याच वर्षी, २०२४ला, पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिनं रस्त्यावरच्या शर्यतीचं सुवर्णपदक घेतलं.

पोलंडच्या कासिया निएवियाडोमाचं तर कौतुक करावं तेवढं थोडं. २०१६, २०१७ आणि २०१८, अशी तीन वर्षं ती सिएनात दुसरीच आली. लोक म्हणाले असतील, हिच्या नशिबात पहिला नंबर नाही. २०२३ला ती कच्च्या रस्त्यावरच्या शर्यतीत जगज्जेती झाली आणि २०२४ला महिलांची ‘टूर द फ्रान्स’ अवघ्या ४ सेकंदांनी जिंकली! आणि वयाचं म्हणाल, तर अनेमिक व्हॅन व्ल्यूटेन २०२० साली सिएनात जिंकली तेव्हा ३७ वर्षांची होती. आपल्याकडे या वयात बाईनं सायकल काढली तर गल्लीतल्या खिडक्या उघडतात.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुरुषांची ही शर्यत २००७ साली सुरू झाली. बायकांना त्या रस्त्यावर उतरायला २०१५ साल उजाडलं. मधली आठ वर्षं कितीही दमदार बाई असली तरी तिथं तिच्या जिंकण्याची शक्यता शून्यच होती, कारण तिच्यासाठी शर्यतच नव्हती!

आता आपल्याकडे बघू. जानेवारी २०२६मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. देशोदेशीचे सायकलपटू आले, आपले घाट चढले. अभिमानच वाटला. पण ती शर्यत पुरुषांची होती. आपल्या मुली कमी आहेत का? कोल्हापूरची पूजा दानोळे, संगमनेरची प्रणिता सोमण, भंडाऱ्याची मयूरी लुटे, यांनी महाराष्ट्राचं नाव मोठं केलंच आहे.

मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना मानव विकास कार्यक्रमातून शाळेसाठी सायकली मिळाल्या. सकाळी दप्तर कॅरिअरला लावून, मुरमाच्या रस्त्यानं, ऊन चढायच्या आत शाळा गाठणाऱ्या या पोरी आपण रोज बघतो. त्यांचा सराव तर कधीच सुरू झालाय. पण बारावी झाली, स्थळं बघायला सुरुवात झाली, की सायकल गुपचूप धाकट्या भावाकडे जाते. माझीही गेली होती. कुणी रागावलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

सगळ्याच काही सिएनाला जाणार नाहीत, मान्य. पण निदान तालुक्याला मुलींची एक शर्यत व्हायला काय हरकत आहे? आणि तोपर्यंत घरातल्या लेकीची सायकल तिच्याच नावावर राहू द्यायला तर पैसेही लागत नाहीत. तेवढं आपल्या हातात आहे ना?