वडीलधाऱ्यांची औषधे आणि दुकानाचे भांडवल

अकोटच्या बाजारातील कोणत्याही दुकानदाराला विचारा. माल, भाडे, वीज आणि मजुरी यांचा हिशेब तो तोंडपाठ सांगेल. घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधांवर वर्षाला किती रक्कम जाते, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते. हा खर्च एकदम होत नाही. आज गल्ल्यातून दोनशे, परवा तीनशे, असा तो निघतो आणि वहीत कुठेच दिसत नाही.

समजा, एका शिंप्याच्या घरी वडिलांना साखर व रक्तदाब आहे, आईला रक्तदाब व गुडघेदुखी. दोघांच्या गोळ्या महिन्याला २,४०० रुपयांच्या झाल्या, तर वर्षाचे २८,८०० रुपये होतात. तपासणीसाठी अकोल्याला जाण्यायेण्याचा खर्च व डॉक्टरांची फी त्यात धरलेली नाही. सरकारी नोकराला आजारपणाच्या बिलाची भरपाई मिळते, कारखान्यातील कामगाराला राज्य कामगार विम्याचा आधार असतो. शिंपी, पिंजारी, मन्यार, बागवान, वेल्डर किंवा छोटा किराणा दुकानदार यांच्या मागे असे कोणी नाही. औषधाचा पैसा सरळ भांडवलातून जातो. म्हणून हा विषय आम्ही व्यापाराच्या पानावर घेत आहोत.

एकच औषध, दर निराळे

प्रत्येक गोळीला दोन नावे असतात. एक मूळ औषधाचे, उदाहरणार्थ मेटफॉर्मिन किंवा ॲम्लोडिपिन. दुसरे कंपनीने ठेवलेले व्यापारी नाव. मेटफॉर्मिन अनेक कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात. आत औषध तेच, पण प्रचार, प्रतिनिधींचे पगार आणि नावाचा मोबदला छापील किमतीत चढतो.

इतर मालात गिऱ्हाईक दर पडताळून घेतो. कापड महाग वाटले तर तो शेजारच्या दुकानात जातो. औषधाच्या बाबतीत माल निवडतो डॉक्टर, पैसे देतो रुग्ण. शिवाय चिठ्ठीवर व्यापारी नाव लिहिलेले असल्यास मेडिकलवाल्याला आपल्या मर्जीने दुसऱ्या कंपनीचे औषध देण्यास कायद्याने मनाई आहे. त्यामुळे स्वस्त गोळी समोरच्या कपाटात असूनही ती आपल्या हाती पडत नाही.

सरकारचा अंकुश कुठवर?

औषधांच्या दरांवर नजर ठेवणारे राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण १९९७ साली स्थापन झाले. सध्या २०१३ चा किंमत नियंत्रण आदेश लागू आहे. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत (२०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत) ज्या औषधाचे नाव आहे, त्याची कमाल किंमत प्राधिकरण ठरवते. बाजारात १ टक्का किंवा अधिक हिस्सा असलेल्या मालाचा दुकानदाराला पडणारा दर घेऊन त्याची सरासरी काढतात आणि त्यावर १६ टक्के किरकोळ नफा धरतात. घाऊक किमतींच्या निर्देशांकानुसार हे दर दरवर्षी बदलतात. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे १२ टक्के वाढीची मुभा मिळाली होती.

यादीबाहेरच्या औषधाची पहिली किंमत मात्र कंपनी स्वतः ठरवते. त्यानंतर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढ करण्यास तिला मोकळीक आहे. दोन-तीन औषधे एकत्र करून केलेल्या कित्येक गोळ्या यादीत बसत नाहीत. म्हाताऱ्या माणसांच्या चिठ्ठीवर अशा गोळ्या पुष्कळ असतात, आणि खर्च तिथेच फुगतो.

सरकारने मनावर घेतले तर दर उतरतात, याचा दाखलाही आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या औषधयुक्त स्टेंटची किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये २९,६०० रुपयांवर बांधली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवरही मर्यादा आली.

अमेरिकेतील म्हाताऱ्यांची व्यथा

अमेरिका श्रीमंत देश. तेथे ६५ वर्षांवरील लोकांसाठी १९६५ पासून मेडिकेअर हा सरकारी विमा आहे. तरी रुग्णालयाबाहेर रोज घ्यायच्या औषधांचा समावेश त्यात २००६ साली झाला. तोवर सीमेलगतच्या राज्यांतील वृद्ध बसगाड्या करून कॅनडात औषधे घ्यायला जात. २००३ च्या ज्या कायद्याने ही सोय दिली, त्यानेच सरकारला कंपन्यांशी दराची घासाघीस करण्यास बंदी घातली. जगातील सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने भाव करायचा नाही, असा तो सौदा होता. २०२२ च्या कायद्याने ही गाठ थोडी सैल झाली. मेडिकेअरमधील वृद्धांसाठी २०२३ पासून इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आली. २०२५ मध्ये रुग्णाने स्वतः भरायच्या औषधखर्चाला वर्षाला २,००० डॉलरची मर्यादा घातली गेली. पहिल्या दहा औषधांचे ठरवून घेतलेले दर जानेवारी २०२६ पासून लागू झाले.

आपल्याकडे दर त्या मानाने कमी आहेत, त्याचे श्रेय १९७० च्या पेटंट कायद्याला जाते. या कायद्यात औषधाचे पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीचे मिळे. पद्धत बदलून तेच औषध बनवण्याची वाट देशी कारखान्यांना त्यामुळे मोकळी झाली. डॉ. युसूफ हमीद यांच्या सिप्लाने २००१ साली एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा मदतसंस्थेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या वर होता. २००५ पासून मात्र आपल्याकडेही औषधाचे पेटंट मिळू लागले आहे.

योजना आहेत, पण कशासाठी?

येथे वाचकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, घेण्यात आले. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात आणि जुना आजार असला तरी चालतो. आधार कार्डावर वय ७० पूर्ण हवे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादाही शासनाने २०२३ साली दीड लाखावरून ५ लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला.

या दोन्ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहेत. रोजच्या साखर-रक्तदाबाच्या गोळ्या त्यात येत नाहीत. त्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखाना हीच वाट आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. साखर व रक्तदाबाची तपासणी आणि गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतात. कधी साठा नसतो, रांगेत अर्धा दिवस जातो आणि कारागिराची तेवढी मजुरी बुडते, ही तक्रार खरी आहे. तरी दीर्घकाळाच्या औषधासाठी ही चौकशी आधी करावी, असे आम्ही सुचवतो.

दुसरी वाट जन औषधी केंद्राची. ही योजना २००८ साली सुरू झाली. जानेवारी २०२५ पर्यंत देशात १५,००० केंद्रे उघडली होती. येथे औषध मूळ नावाने, नामांकित कंपन्यांच्या मानाने ५० ते ९० टक्के कमी दरात मिळते. वर दिलेल्या शिंप्याच्या घरचा खर्च नुसता निम्मा झाला, तरी वर्षाला १४,४०० रुपये दुकानात राहतात.

'जेनेरिक' या शब्दावर डोळे मिटून भरवसा मात्र ठेवू नये. काही कंपन्या असा माल दुकानदाराला अगदी कमी दरात देतात, पण छापील किंमत भारी कंपनीएवढीच ठेवतात. मधला फायदा गिऱ्हाइकाला मिळतोच असे नाही. छापील किंमत ही कमाल किंमत आहे. तिच्याहून कमी दरात विकण्यास कोणतीही मनाई नाही. व्यापारी बांधवांना हे निराळे सांगायला नको.

आता काय करावे?

१) घरातील प्रत्येक वृद्धाच्या औषधांची यादी करावी: मूळ नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, महिन्याचा खर्च.

२) ही यादी डॉक्टरांना दाखवून मूळ नावाने चिठ्ठी मागावी. औषधाचे मूळ नाव स्पष्ट, मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम २०१६ पासून डॉक्टरांना घालून दिलेला आहे. यातील कोणती गोळी आता बंद करता येईल, हेही विचारावे.

३) स्वतःच्या मनाने गोळी बदलू नये, पैसे वाचवण्यासाठी एक दिवसाआड तर मुळीच घेऊ नये. रक्तदाबाची गोळी चुकवून लकवा झाला, तर घर आणि दुकान दोन्ही बसते.

४) सत्तरी ओलांडलेल्यांचे कार्ड आजच काढून ठेवावे. ऑपरेशनसाठी मोहल्ल्यात चंदा गोळा करण्यापूर्वी १४५५५ या क्रमांकावर विचारून घ्यावे. आधारवरील वय चुकीचे असेल तर ते आधी दुरुस्त करावे.

५) पन्नाशीच्या आतल्यांनी आरोग्य विम्याचा विचार करावा. वैयक्तिक पॉलिसीवरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे. बहुतेक औषधांवरील करही त्याच दिवसापासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत आता जास्तीत जास्त ३ वर्षे आहे. म्हणून आजार जडण्याआधी घेतलेली पॉलिसी कामी येते.

शेवटी एक सूचना तरुणांसाठी. आपल्या मुलांपैकी कित्येक जण फार्मसीची पदविका घेऊन दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करतात. जन औषधी केंद्रासाठी १२० चौरस फूट जागा आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. विक्रीवर २० टक्के नफा ठरलेला आहे. माल स्वस्त असल्याने एका गिऱ्हाइकामागे रुपये थोडे सुटतात, हे हिशेबात धरावे. पण साखर-रक्तदाबाचे गिऱ्हाईक दर महिन्याला येणारे असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून अकोटला येणारी वस्ती पाहता हा धंदा तपासून पाहण्यासारखा आहे.

दिवाणखान्यातील डब्यात किती रुपयांच्या गोळ्या आहेत, हे या महिन्यात एकदा मोजावे आणि ती रक्कम वहीत लिहावी. खर्च कुठे कापता येतो, हे त्यानंतरच कळेल.