पहिला इलेक्ट्रिक टेलिग्राफ बनला, पण सरकार म्हणालं ‘गरज नाही’: फ्रान्सिस रोनाल्ड्सची गोष्ट

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला आणि दोन सेकंदांत डबल टिक आली नाही, तर आपण लगेच नेटवर्कला शिव्या घालतो. पण तारेतून विजेच्या मदतीने निरोप पाठवता येतो, हे मुळात कोणी करून दाखवलं? शाळेत आपण सॅम्युअल मोर्सचं नाव शिकलो. मोर्सच्या टेलिग्राफच्या बऱ्याच आधी, १८१६ साली, लंडनजवळच्या एका घराच्या बागेत २८ वर्षांच्या एका तरुणाने चालणारा इलेक्ट्रिक टेलिग्राफ उभा केला होता. त्याचं नाव फ्रान्सिस रोनाल्ड्स. अनेक अभ्यासक त्याला जगातला पहिला इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणतात. तरीही त्याचं नाव फारसं कोणाला माहीत नाही. असं का झालं, ते पाहूया.

चीजचा व्यापारी ते विजेचा वेडा

रोनाल्ड्सचा जन्म २१ फेब्रुवारी १७८८ रोजी लंडनमध्ये झाला. घरचा धंदा चीजच्या घाऊक व्यापाराचा. १८०६ मध्ये वडील वारले आणि अठराव्या वर्षीच धंद्याची जबाबदारी त्याच्यावर आली. पण त्याचं मन रमायचं ते यंत्रं आणि प्रयोगांत. पुढे ज्याँ-आंद्रे दल्यूक या वयस्कर शास्त्रज्ञाशी ओळख झाली आणि त्याला विजेचा नाद लागला. १८१४-१५ च्या सुमारास त्याने कोरड्या बॅटरीवर चालणारं घड्याळही बनवलं.

तेव्हा वीज म्हणजे लोकांसाठी गंमत होती. ठिणगी उडवायची, केस उभे करून दाखवायचे, बस्स. हिचा कामासाठी उपयोग करता येईल, असं रोनाल्ड्सला वाटलं. इंजिनिअरचं डोकं इथेच दिसतं.

बागेत ८ मैल तार कशी मावली?

टेम्स नदीकाठी हॅमरस्मिथ इथे रोनाल्ड्स कुटुंबाचं घर होतं. पुढे हेच घर केल्म्स्कॉट हाउस या नावाने ओळखलं जाऊ लागलं. तार लांब असली तरी वीज पोहोचते का आणि किती वेळात, हे रोनाल्ड्सला तपासायचं होतं. त्यासाठी त्याने बागेत दोन मोठ्या लाकडी चौकटी उभ्या केल्या आणि त्यांच्यामध्ये तार मागेपुढे इतक्या वेळा ओढली की एकूण लांबी ८ मैल, म्हणजे जवळपास १३ किलोमीटर झाली! एका टोकाला वीज दिली, तर दुसऱ्या टोकाला ती पोहोचायला मोजता येईल इतकाही वेळ लागला नाही.

मग त्याने जमिनीखालून ५२५ फूट लांबीची दुसरी लाइन टाकली. तार काचेच्या नळ्यांत आणि नळ्या डांबर लावलेल्या लाकडी पन्हळीत. आज रस्त्याकडेला पाइपातून केबल टाकतात, त्यामागची कल्पना हीच आहे.

हे चालायचं कसं?

१. दोन्ही टोकांना एक-एक घड्याळ. दोन्ही घड्याळं अगदी एका तालात चालणारी.

२. घड्याळाच्या सेकंद काट्याच्या जागी एक चकती, मिनिटाला एक फेरी घेणारी. चकतीचे २० भाग आणि त्यांवर अक्षरं. इंग्रजीतली ६ अक्षरं त्याने गाळून टाकली होती, कारण त्यांच्यावाचून काही अडत नाही असं त्याचं मत. म्हणजे टायपिंगमधला शॉर्टकट तेव्हाही होताच!

३. चकतीपुढे खिडकी असलेली दुसरी स्थिर चकती. एका वेळी एकच अक्षर दिसणार.

४. तारेला घर्षणाच्या यंत्राने वीज द्यायची. तिच्यामुळे दोन्ही टोकांना टांगलेले दोन-दोन हलके गोळे एकमेकांपासून दूर राहतात.

५. पाठवणाऱ्याला हवं ते अक्षर खिडकीत आलं की त्याने तारेतली वीज जमिनीत सोडायची. त्याच क्षणी दोन्हीकडचे गोळे एकदम जवळ येतात. समोरच्याने त्या वेळी आपल्या खिडकीत दिसणारं अक्षर लिहून घ्यायचं.

समोरचा माणूस घड्याळापाशी बसलेलाच नसेल तर? त्यासाठी विजेच्या ठिणगीने उडणारं गॅसचं पिस्तूल होतं. ‘धाड्’ आवाज आला की समजायचं, मेसेज येतोय. हे झालं १८१६ चं नोटिफिकेशन.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. दोन्ही घड्याळं जुळलेली नसतील तर ‘ए’ पाठवला की तिकडे भलतंच अक्षर दिसणार. आजच्या मोबाइल नेटवर्कमध्येही टॉवर आणि फोन यांचं टायमिंग जुळावं लागतं, नाहीतर डेटा नीट वाचता येत नाही.

या यंत्राला मर्यादाही होत्या. एकेका अक्षरासाठी चकती फिरायची वाट बघावी लागे आणि दमट हवेत घर्षणाची वीज पटकन निसटून जाई. पण कल्पना चालते, हे सिद्ध झालं होतं.

सरकारचं उत्तर

रोनाल्ड्सने १८१६ च्या जुलैमध्ये ब्रिटिश नौदलाच्या कार्यालयाला, म्हणजे अ‍ॅडमिरल्टीला, पत्र लिहून प्रयोग बघायला बोलावलं. ऑगस्टमध्ये तिथले सचिव जॉन बॅरो यांचं उत्तर आलं. सारांश असा, की आता कुठल्याही टेलिग्राफची मुळीच गरज नाही, आणि सध्या आहे त्याखेरीज दुसरा स्वीकारला जाणार नाही.

त्या काळी निरोप जायचे ते टेकड्यांवरच्या मनोऱ्यांवरून. एका मनोऱ्यावरच्या फळ्या हलवायच्या, पुढच्याने दुर्बिणीतून बघून तसंच करायचं. रात्री आणि धुक्यात सगळं बंद. पण नेपोलियनशी चाललेलं युद्ध १८१५ मध्ये संपलं होतं आणि नव्या गोष्टीवर पैसा घालायची कोणाला घाई नव्हती.

गंमत बघा. १८४७ च्या अखेरीस याच नौदलाने लंडन ते पोर्ट्समथ ही मनोऱ्यांची साखळी बंद केली. कारण? इलेक्ट्रिक टेलिग्राफ आला होता.

पेटंट नाही, पुस्तक लिहिलं

रोनाल्ड्सने टेलिग्राफचं पेटंट घेतलं नाही. १८२३ मध्ये त्याने सगळी माहिती आकृत्यांसह पुस्तकात छापून टाकली आणि या विषयाचा निरोप घेतला. देशभर एकमेकांशी जोडलेली ‘विजेवर बोलायची’ कार्यालयं असावीत, असं स्वप्नही त्यात होतं.

त्याच पुस्तकात त्याने एक धोक्याची सूचना दिली होती. तार, तिच्याभोवती काच आणि बाहेर ओली माती, अशी रचना वीज साठवून ठेवते. त्यामुळे जमिनीखालच्या लांब तारेत सिग्नल रेंगाळू शकतो. आज आपण याला कपॅसिटन्स म्हणतो. १८५८ मध्ये अटलांटिक समुद्राखालून पहिली केबल टाकली, तेव्हा नेमका हाच त्रास झाला. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश जायला सुमारे १६ तास लागले! सिग्नल जोरात जावा म्हणून जास्त दाबाची वीज सोडली आणि केबल काही आठवड्यांतच निकामी झाली.

दरम्यान १८३७ मध्ये कुक आणि व्हीटस्टन यांनी इंग्लंडमध्ये टेलिग्राफचं पेटंट घेतलं आणि रेल्वेसाठी तो वापरात आणला. अमेरिकेत मोर्सने १८४४ मध्ये वॉशिंग्टन-बाल्टिमोर लाइन सुरू केली. आपल्याकडे १८५४ मध्ये मुंबई तारेने कलकत्त्याशी जोडली गेली, आणि ती तारसेवा थेट जुलै २०१३ पर्यंत चालली.

पुढे काय झालं?

रोनाल्ड्स गप्प बसला नाही. १८४३ पासून त्याने क्यू वेधशाळेची धुरा मानद संचालक म्हणून सांभाळली. तिथे १८४५ मध्ये त्याने फोटोग्राफीच्या मदतीने हवामानाची नोंद आपोआप, रात्रंदिवस करणारी यंत्रं बनवली. माणसाने रात्रभर जागून आकडे लिहायची गरज संपली. फोनवर आपण हवामानाचा आलेख बघतो, त्या सततच्या नोंदींची सुरुवात अशा यंत्रांतून झाली.

१८६२ मध्ये हॅमरस्मिथच्या बागेतून त्याच्या जुन्या केबलचा तुकडा खणून काढण्यात आला. टेलिग्राफच्या कामासाठी १८७० मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. म्हणजे त्या पत्रानंतर तब्बल ५४ वर्षांनी. ८ ऑगस्ट १८७३ रोजी त्याचं निधन झालं. विजेवरच्या हजारो पुस्तकांचा आणि पुस्तिकांचा संग्रह त्याने टेलिग्राफ इंजिनिअरांच्या संस्थेसाठी मागे ठेवला, इतरांना शिकता यावं म्हणून.

मग शोध नक्की कोणाचा?

एका माणसाचा नाही, हेच खरं उत्तर. रोनाल्ड्सने हे शक्य आहे हे दाखवलं. कुक, व्हीटस्टन आणि मोर्स यांनी ते परवडणारं आणि रोजच्या वापराचं केलं. नाव झालं ते दुसऱ्या गटाचं, कारण त्यांच्याकडे पेटंट होतं, रेल्वेसारखा ग्राहक होता आणि वेळही जुळून आली होती. रोनाल्ड्सकडे यातलं काहीच नव्हतं. होतं ते चालणारं यंत्र आणि स्वच्छ लिहून ठेवलेलं पुस्तक. त्या पुस्तकामुळेच दोनशे वर्षांनंतरही त्याने काय केलं होतं, हे आपल्याला नेमकं सांगता येतं. तेव्हा तुम्ही एखादं अ‍ॅप किंवा प्रोजेक्ट बनवत असाल आणि कोणी ‘याची गरज काय?’ म्हणालं, तर काम थांबवायच्या आधी निदान ते नीट लिहून तरी ठेवा.