बनावट गिटार कशी ओळखावी?

कोलकाता शहर आणि गिटार यांचा स्नेह जुना आहे. हवाई बेटांकडील प्रसिद्ध वादक ताऊ मो यांचे 1940 च्या दशकात या शहरात वास्तव्य होते. पुढे सुनील गांगुली, बटुक नंदी यांच्यासारख्या वादकांनी हवाई गिटार बंगालमध्ये घरोघर पोहोचविली. लालबाजाराजवळच्या रवींद्र सरणीवर वाद्यांची दुकाने आजही ओळीने उभी आहेत. गिवसन, गिबटोन ही या शहरातील गिटारींची नावे भारतभर नवशिक्यांच्या परिचयाची आहेत. ही वाद्ये स्वस्त असतात, परंतु ती स्वतःच्या नावाने विकली जातात. म्हणून त्यांना बनावट म्हणता येणार नाही. दुसऱ्याचे नाव चोरून, त्या नावाची किंमत वसूल करणारे वाद्य ते बनावट होय.

दुकानात गेलेला ग्राहक वाद्य हाती घेतो, वाजवून पाहतो, आत डोकावतो. ऑनलाइन खरेदी करणाऱ्यापुढे मात्र केवळ छायाचित्रे असतात, आणि छायाचित्रात प्रथम भरते ते नावच. नाव ही गिटारीवरील सर्वांत स्वस्त वस्तू आहे. चिकटचित्र छापावयास काही रुपये पुरतात. निवडक लाकूड, कसबी जोडणी आणि मोजून तासलेल्या पट्ट्या यांची नक्कल करावयाची तर मूळ वाद्याइतकाच खर्च येतो, आणि मग लबाडीत नफा उरत नाही. यावरून परीक्षेचे एक सूत्र हाती येते: ज्याची नक्कल महाग, ते आधी तपासावे.

ध्वनी कोठे जन्मतो?

वाद्याचा नाद सूक्ष्म बाबींवर कसा अवलंबून असतो, याचे संशोधन कोलकात्यातच झाले आहे. बहूबाजार मार्गावरील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत काम करताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी व्हायोलिनच्या तारांच्या कंपनांचा अभ्यास केला, आणि 1921 मध्ये तंबोरा व वीणा यांच्या घोडीसंबंधी निबंध प्रसिद्ध केला. एखाद्या उपस्वराच्या निष्पंद बिंदूवरच तार छेडली, तर तो उपस्वर उमटू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. तंबोऱ्यात तो उमटतो. कारण घोडीचा माथा किंचित वक्र असून कंप पावणारी तार त्याला पुनःपुन्हा स्पर्श करते. मिरजेचे कारागीर ज्या कामाला जवारी काढणे म्हणतात, ते याच वक्रतेचे काम होय. डोळ्याला जेमतेम जाणवणारा हा उतार छायाचित्रात दिसणार कसा?

गिटारीची घोडी निराळी असते, परंतु तत्त्व तेच. पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे 70 किलोग्रॅम वजनाइतका असतो. पुढची फळी, म्हणजे तबली, हा ताण सोसण्याइतकी मजबूत आणि मोकळेपणी कंप पावण्याइतकी पातळ असावी लागते. या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ आतील आधारपट्ट्या घालतात. बनावट वाद्यात पुष्कळदा जाड प्लायवूड व ओबडधोबड पट्ट्या वापरलेल्या असतात. अशी गिटार फुटत नाही, पण तिचा आवाजही खुलत नाही.

पैसे देण्यापूर्वी

अमेरिकेतील मार्टिन या 1833 मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे उदाहरण घेऊ. विक्रेत्याकडून पुढील भागांची जवळून घेतलेली छायाचित्रे मागवावीत.

1. ध्वनिछिद्राची कड. तबली अखंड लाकडाची असेल, तर वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरतात. प्लायवूड असेल, तर एकावर एक थर दिसतात. ज्या प्रतिमानाची तबली कंपनी अखंड स्प्रूसची सांगते, तेथे थर दिसणे हा निर्णायक पुरावा होय.

2. अनुक्रमांक. मार्टिन कंपनी 1898 पासून वाद्यांवर अनुक्रमांक घालते. मान जेथे धडाला जोडली जाते त्या आतील ठोकळ्यावर तो प्रतिमानाच्या नावासह असतो. त्यावरून निर्मितीचे वर्ष कंपनीच्या नोंदीत पाहता येते. मात्र खरा क्रमांकही चोरता येतो. म्हणून क्रमांक, प्रतिमान आणि लाकूड या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे.

3. लाकूड. डी-18 या प्रतिमानाची पाठ व बाजू महोगनीच्या, तर डी-28 च्या शिसवीच्या असतात. 1969 च्या अखेरीपासून नेहमीच्या डी-28 साठी ब्राझीलच्या शिसवीऐवजी भारतीय शिसवी वापरली जाऊ लागली. तेव्हा हे लाकूड आपल्याला परके नाही.

4. मानेतील सळई. तारांच्या ताणाने मान वाकू नये म्हणून आत पोलादी सळई बसविलेली असते. आधुनिक मार्टिनमध्ये ती ध्वनिछिद्रातून फिरवितात. मानेच्या माथ्यावर तिचे झाकण नसते. गिब्सनच्या माथ्यावर झाकण असते, आणि ते दोन स्क्रूंनी बसविलेले असते. गिब्सन म्हणविणाऱ्या वाद्यावर तीन स्क्रू दिसले, तर संशय घ्यावा.

छायाचित्रे देण्यास विक्रेता टाळाटाळ करू लागला, किंवा शिंपल्यांच्या नक्षीची, कित्येक लाख रुपयांची डी-45 काही हजारांत देऊ लागला, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

वाद्य हाती आल्यावर

पेटी उघडतानाचे चलचित्रण करावे. मग बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून छेडावी, आणि नंतर तेथेच दाबून छेडावी. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असल्यामुळे दोन्ही स्वर जुळले पाहिजेत. लगतच्या दोन पडद्यांपासून घोडीपर्यंतच्या अंतरांचे गुणोत्तर सुमारे 1.0595 असते; हे प्रमाण चुकल्यास तारा कितीही लावल्या तरी गिटार सुरात येत नाही. ही परीक्षा वाद्याचा दर्जा सांगते, जन्मस्थान नव्हे. पण नामांकित कंपनीच्या कारखान्यातून असा दोष सहसा बाहेर पडत नाही.

फसवणूक झालीच, तर गप्प बसू नये. 2020 च्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्री-संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाहिनी आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार तक्रारदाराला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. विक्रेता कोलकात्यात आणि ग्राहक सांगलीत असला तरी. 1999 च्या व्यापारचिन्ह अधिनियमाप्रमाणे खोटे चिन्ह लावणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे. पावती, जाहिरातीचे छायाचित्र व विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा.

शिकाऊ विद्यार्थ्याची पहिली गिटार बहुधा घरच्या काटकसरीतून येते. वाद्य सुरात लागत नसेल, तर तो दोष वाद्याला न देता स्वतःच्या कानाला देतो आणि शिकणे सोडतो. म्हणून खोट्या नावाच्या महागड्या गिटारीपेक्षा खऱ्या नावाची साधी, पण सुरेल गिटार घेणे केव्हाही हिताचे.