श्वासाची ओढ आणि प्राणवायूचा साठा

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहण्याच्या तलावांवर आणि गावविहिरींच्या काठावर एक सल्ला हमखास ऐकू येतो: पाण्याखाली जास्त वेळ राहायचे असेल, तर बुडी मारण्याआधी दहा-वीस वेळा जोरजोराने श्वास घ्यावा, म्हणजे अंगात प्राणवायूचा साठा होतो. सल्ला देणारे बहुधा पट्टीचे पोहणारे असतात आणि तसे केल्यावर दम खरोखरच जास्त वेळ धरता येतो, त्यामुळे त्यावर शंका घेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. तरीही त्यामागचे कारण साफ चुकीचे आहे, आणि ही चूक परीक्षेत गुण गमावण्याइतकी साधी नसून जीव घेणारी आहे.

शांत बसलेला निरोगी माणूस मिनिटाला १२ ते १६ वेळा श्वास घेतो आणि दर श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा आत ओढतो. एवढ्यानेच त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या पेशींतील प्राणवायू वाहून नेणारे लोहयुक्त प्रथिन, ९५ ते ९९ टक्के भरलेले असते. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी कितीही ओतले तरी ते वाहूनच जाते, तसेच येथे होते. फुप्फुसांतील हवेत प्राणवायूची थोडी भर पडते हे खरे, पण स्वस्थ पडून राहिल्यावरही ती मिनिटभर पुरत नाही, आणि हातपाय मारताना तर त्याहून कितीतरी लवकर संपते. जोरजोराच्या श्वासांनी खरा बदल होतो तो कार्बन डायऑक्साइडमध्ये: एरवी पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास राहणारा त्याचा रक्तातील दाब थोड्याच वेळात निम्म्यावर येऊ शकतो.

आता दम कोंडल्यावर जीव कासावीस का होतो, हे पाहिले पाहिजे. मेंदूच्या तळाशी असलेली लंबमज्जा श्वासाची लय राखते, आणि तिच्याजवळचे संवेदक मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व त्यामुळे वाढणारी आम्लता यांवर नजर ठेवून असतात. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जॉन प्रिस्टली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५ मध्येच दाखवून दिले की, फुप्फुसांतील हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जेमतेम ०.२ टक्क्याने वाढले, तरी आत-बाहेर होणारी हवा जवळजवळ दुप्पट होते. प्राणवायू मोजणारे संवेदकही शरीरात आहेत. ते मानेतील धमनीजवळ असतात आणि त्यांच्या संशोधनाबद्दल कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र प्राणवायू बराच घटेपर्यंत ते फारशी ओरड करीत नाहीत, आणि कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर त्यांचा आवाज आणखीच क्षीण होतो.

प्राणवायू संपत आल्याचे माणसाला स्पष्ट कळेलच असे नाही, याचा दारुण पुरावा १५ एप्रिल १८७५ रोजी फ्रान्समध्ये मिळाला. ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून तिघे संशोधक ८,००० मीटरच्या आसपास पोहोचले. प्राणवायूयुक्त हवेच्या पिशव्या त्यांच्यासोबत होत्या, पण गरज जाणवेपर्यंत हात उचलण्याचे बळ उरले नव्हते. सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली तेथेच मरण पावले, तर वाचलेल्या गास्तों तिसांदिए यांनी गुदमरण्याच्या यातना नव्हे, उलट एक प्रकारचा आनंद वाटत होता असे लिहून ठेवले. २०२० नंतर कोविडच्या अनेक रुग्णांतही तोच प्रकार दिसला: बोटावरचे ऑक्सिमीटर धोक्याचा आकडा दाखवीत असताना रुग्ण मात्र स्वस्थपणे बोलत असत.

पाण्याखाली हेच घडते. जोरजोराच्या श्वासांनी कार्बन डायऑक्साइड घालवलेला असतो, म्हणून श्वासाची ओढ उशिरा लागते. प्राणवायू मात्र नेहमीच्याच वेगाने खर्च होत राहतो, आणि ओढ असह्य होण्याआधीच मेंदूला तो अपुरा पडून शुद्ध हरपते. झटापट नाही, हाक नाही. काठावरच्यांना वाटते, गडी अजून तळाशीच आहे. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ मध्ये अशा घटनांची कारणे तपासून हा क्रम मांडला होता. खोल विहिरीत धोका आणखी वाढतो. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो आणि त्या दाबामुळे उरलासुरला प्राणवायू रक्तात शिरत राहतो. तळातून मूठभर गाळ घेऊन वर येताना दाब उतरतो, त्यासरशी तो पुरवठाही कोसळतो, आणि पृष्ठभाग हातभर अंतरावर असताना माणूस बेशुद्ध होतो. हे वारंवार सांगूनही पैजा लागतात आणि जाणती माणसे शेजारी उभी राहून सेकंद मोजतात, हे अत्यंत संतापजनक आहे.

या विवेचनामुळे प्राणायामाला कमीपणा येतो असे कोणी मानू नये. लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद यांनी प्राणायामातील वायूंची मोजमापे केली होती, आणि त्याचे मोल जादा प्राणवायूत शोधणे त्यांनाही मान्य नव्हते. संथ श्वसनाने मन निवते, नाडी मंदावते. त्यासाठी प्राणवायूची कथा जोडण्याची गरज नाही. भराभर श्वास घेतल्यावर ओठ आणि बोटे मुंग्या येऊन बधिरतात, डोके हलके होते, ते ‘प्राणवायू भिनल्याचे’ लक्षण नव्हे. कार्बन डायऑक्साइड घटल्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तेथील रक्तपुरवठा उलट कमी होतो.

इतर समजुती थोडक्यात निकालात काढता येतात. दहा सेकंद श्वास रोखता आला म्हणजे फुप्फुसे निरोगी, ही कोविडकाळात पसरलेली ‘चाचणी’ निराधार आहे. फुप्फुसे स्वतः फुगत नाहीत. श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू छातीची पोकळी वाढवतात, म्हणून हवा आत शिरते. दोन्ही फुप्फुसे सारखी नसतात: उजव्याचे तीन खंड, डाव्याचे दोन. आणि उच्छ्वासात नुसता कार्बन डायऑक्साइड असतो हेही खोटे. त्याचे प्रमाण जेमतेम चार टक्के असते, तर आत घेतलेल्या २१ टक्के प्राणवायूपैकी सुमारे १६ टक्के तसाच बाहेर पडतो, म्हणूनच पाण्यातून बाहेर काढलेल्या, श्वास थांबलेल्या माणसाला तोंडाने दिलेला श्वास उपयोगी पडतो.