उंदराचं औषध पोटात गेलं, दुसऱ्या दिवशी पेशंट ठणठणीत. मग डॉक्टर घरी का सोडत नाहीत?

आजचा विषय थोडा जड आहे, पण शेवटपर्यंत थांबा, कारण यातली एक गोष्ट माहीत असली तर कुणाचा तरी जीव वाचू शकतो.

मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्याला उंदीर काय असतो हे सांगायला नको. पावसाळ्यात नाले भरले की ते तळमजल्यावर येतात, मग पाइप धरून वर. आपण कोपऱ्यावरच्या दुकानात जातो आणि म्हणतो, "काका, उंदराचं औषध द्या." बघा, मराठीत आपण त्याला चक्क औषध म्हणतो! आहे ते विष.

आपल्यापासून काही स्टेशनं पलीकडची गोष्ट. जुलै २०२२, मालाडचा मार्वे रोड परिसर. एका तरुण बाईने उंदरांसाठी टोमॅटोला विष लावून ठेवलं होतं. नंतर टीव्ही बघत मॅगी करताना चुकून तोच टोमॅटो त्यात गेला. काही तासांत उलट्या सुरू झाल्या. हॉस्पिटलमध्ये नेलं, उपचार झाले, तरी काही दिवसांनी ती गेली. बातमी वाचून अनेकांना प्रश्न पडला: विष तर त्याच दिवशी पोटात गेलं, मग मृत्यू इतक्या दिवसांनी कसा?

नाव एक, विषं तीन

"उंदराचं औषध" या एका नावाखाली आपल्याकडे मुख्यतः तीन वेगळी विषं येतात आणि तिघांचं घड्याळ वेगळं चालतं.

पहिलं फॉस्फाइड, म्हणजे पावडर किंवा धान्यात ठेवायच्या गोळ्या. पोटातल्या ॲसिडशी गाठ पडली की फॉस्फिन नावाचा वायू तयार होतो. तो हृदयावर घाव घालतो, बीपी कोसळतं. इथे सगळा खेळ तासांचा असतो.

दुसरं रक्त पातळ करणारं, ब्रोमाडायोलोनसारखं. वडीच्या रूपात मिळतं. पहिले एक-दोन दिवस काहीच होत नाही. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ शकतं. याला उतारा आहे, व्हिटॅमिन के. पण हे विष शरीरात रेंगाळतं, त्यामुळे गोळ्या कधी कधी कित्येक आठवडे घ्याव्या लागतात. मध्येच बंद केल्या की रक्तस्राव परत सुरू होऊ शकतो.

तिसरं पिवळा फॉस्फरस, ट्यूबमधली पेस्ट. आणि सगळ्यात फसवं हेच.

मधला दिवस फसवतो

पिवळ्या फॉस्फरसचे तीन टप्पे असतात. पहिल्या दिवशी उलट्या, पोटात जळजळ. मग साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं शांत. पेशंट उठून बसतो, चहा मागतो. नातेवाईक म्हणतात, "आता बरा आहे, उगाच बिल कशाला वाढवायचं?" सही करतात आणि घरी नेतात.

आत मात्र लिव्हर निकामी होत असतं. तिसऱ्या दिवसानंतर डोळे पिवळे, रक्त गोठेना, गुंगी. मग तोच पेशंट परत कॅज्युअल्टीत येतो, पण हातातला वेळ गेलेला असतो.

म्हणून पहिल्या दिवसाचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी डॉक्टर लिव्हरच्या टेस्ट आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी टेस्ट, पुन्हा पुन्हा करतात. या विषाला खास उतारा नाही. एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध देतात, काही ठिकाणी रक्तातला प्लाझ्मा बदलतात आणि अगदीच वेळ आली तर लिव्हर ट्रान्सप्लांटचा विचार होतो. हे सगळीकडे होत नाही. म्हणून मोठ्या हॉस्पिटलला हलवायचं असेल तर तब्येत ढासळायच्या आधी हलवलेलं बरं. तामिळनाडू सरकारने तर २०२२ मध्ये या पेस्टवर बंदी आणायचं पाऊल उचललं.

घाबरवायचा हेतू नाही हं. लवकर पोचलेले आणि नीट लक्षाखाली राहिलेले कितीतरी पेशंट बरे होऊन घरी जातात.

घरात असं झालं तर?

१०८ ला फोन करा किंवा जवळची कॅज्युअल्टी गाठा. भाईंदर पश्चिमेला सरकारी पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. नॅशनल हायवेच्या ट्रॅफिकमधून थेट मुंबईला पळण्याआधी जवळ दाखवा. तिथून मुंबईला पाठवलं तर ॲम्ब्युलन्सनेच जा.

पाकीट, ट्यूब, वडी, जे असेल ते सोबत घ्या, निदान मोबाइलमध्ये फोटो काढा. कोणतं विष, किती वाजता, हे कळलं की डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. दूध, तूप, तेल तर नकोच, फॉस्फरस स्निग्ध पदार्थांत विरघळतो आणि अंगात जास्त भिनतो. खोलीच्या खिडक्या उघडा, कारण फॉस्फाइड असेल तर वायूचा त्रास शेजारी बसलेल्यालाही होतो. एम्सच्या विष माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर सेव्ह करा: १८०० ११६ ११७.

"पोलीस केस होईल" ही भीती

अनेक घरांत खरं कारण लपवतात. "फूड पॉयझनिंग झालंय" सांगतात आणि तिथेच उपचार चुकतात. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, हे खरं. पण आधी उपचार, मग कागद, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय. स्वतःहून विष घेतलेलं असेल, तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार ती व्यक्ती प्रचंड तणावाखाली होती असंच धरलं जातं आणि तिला मदत देणं हे सरकारचं काम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं ३०९ कलम ठेवलेलंच नाही. म्हणून डॉक्टरांना खरं सांगा. आणि पेशंट शुद्धीवर आल्यावर "असं का केलंस?" म्हणून फैलावर घेऊ नका. नुसतं जवळ बसा.

घरात उंदीर झालेच तर आधी पिंजरा लावा. विष वापरायचंच असेल तर खाण्याच्या वस्तूला लावू नका, ओट्यापासून लांब ठेवा, उरलेलं साठवू नका.

आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात सध्या जगणं नको असं येत असेल, तर आत्ताच १४४१६ लावा. टेली-मानस, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. मित्राबद्दल काळजी वाटत असेल तरी लावा.

हा एपिसोड घरच्या ग्रुपवर टाका. आई-बाबांना एवढं एक वाक्य तरी सांगा: उंदराच्या विषानंतर पेशंटला बरं वाटतंय म्हणून त्याला घरी आणायचं नाही, डॉक्टर म्हणतील तेव्हाच आणायचं. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!