०८३१ आणि ०८३२

बेळगावचा एसटीडी कोड ०८३१ आणि गोव्याचा ०८३२. टेलिफोन खात्याच्या लेखी आपण सख्खे शेजारी! पेडण्याहून सावंतवाडी हाकेच्या अंतरावर, पण तिचा कोड मात्र ०२३६३. पिनकोडचा न्याय अगदी उलटा. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात पिनकोड सुरू झाले. त्यात डिचोली ४०३५०४, पेडणे ४०३५१२, म्हणजे गोवा महाराष्ट्राच्या पंगतीत. बेळगाव ५९०००१, म्हणजे कर्नाटकाच्या पंगतीत. पुढे मोबाईल आला, तेव्हाही गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये गेला आणि बेळगाव कर्नाटकाच्या. राज्यांची सीमा एकच, पण तारा, टपाल आणि टॉवर यांनी आपापल्या सीमा वेगळ्या आखल्या. तुमच्या-आमच्यासारख्या घरांना या सगळ्या सीमा ओलांडूनच नाती सांभाळावी लागली.

मी डिचोलीचा. आईचं माहेर पेडण्यात, बायकोचं बेळगावजवळ. तिच्या माहेरी कन्नड बोलतात. यंत्रांचं वेड मला लहानपणापासूनच. बंद पडलेला रेडिओ दिसला की स्क्रू ड्रायव्हर शोधायचा, हा माझा स्वभाव. त्यामुळे फोन, पेजर, मोबाईल, कॉम्प्युटर, जे जे बाजारात आलं ते हाताळून पाहिलं. पण या सगळ्या वर्षांत घरातल्या भाषांचं काय झालं, हे मात्र जरा उशिराच ध्यानात येतं.

आवाजाला सीमा अडवू शकत नाही, हे आपल्या डोंगरांनी फार पूर्वी दाखवून दिलंय. १९५५ साली पोर्तुगीज गोवा आणि भारत यांच्यातली रेल्वे बंद पडली, येणंजाणं तुटलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र सुरू केलं. नंतर ते कॅसलरॉकला हललं. कोकणी आणि पोर्तुगीजमधून हा स्वातंत्र्याचा आवाज डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्याच्या घराघरांत पोचत राहिला. एक जागा आज महाराष्ट्रात, दुसरी कर्नाटकात आणि ऐकणारे गोव्यात! लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना फार आनंद झाला.

आपल्या घरांपर्यंत फोन यायला मात्र वेळ लागला. ट्रंक कॉल लावायचा तर आधी नोंदवायचा आणि वाट पाहत बसायचं. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग, हे आधी सांगायचं. ज्यांच्याकडे फोन नव्हता ते लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर देत आणि पुढे 'पी. पी.' लिहीत. मग पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून जेवणं आटोपून लोक बूथवर रांग लावत. बोलताना नजर मात्र समोरच्या मीटरच्या लाल आकड्यांवर! 'ऊट आत?' आणि 'हूं, आत' एवढ्यावरच कितीतरी फोन संपत.

३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाईल कॉल झाला. पण तो सामान्यांच्या खिशाला परवडायला २००३ उजाडावं लागलं. त्या वर्षी येणारे कॉल फुकट झाले आणि 'मिस्ड कॉल' नावाची नवीच बोली जन्माला आली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे फोन कर. २००६ च्या मार्चमध्ये बीएसएनएलने देशभर कुठेही एक रुपया मिनिट केलं. तरी आपल्या वाटेवरचा एक काटा राहिलाच, रोमिंगचा. डिचोलीहून साखळीमार्गे चोर्ला घाट चढला की रेंज जायची, आणि परत यायची ती कर्नाटकाची. म्हणजे सासुरवाडीला जाताना आलेला फोनही पैसे कापून घ्यायचा. १५ जून २०१५ पासून बीएसएनएलने रोमिंगमधले येणारे कॉल फुकट केले, पुढच्या दोन वर्षांत बाकीच्या मोठ्या कंपन्यांनीही तेच केलं. ही सीमा पुसली गेली!

आता मुद्द्याचं. पेडणे-डिचोलीच्या घराघरांत एक जुनी रीत होती: बोलणं कोकणीत, लिहिणं मराठीत. आई मामाशी कोकणीतच बोले, पण पत्र घेतलं की वर '॥ श्री ॥' आणि खाली 'सप्रेम नमस्कार वि. वि.' थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, सगळं कसं साग्रसंगीत मराठीत. तिकडे सासूबाईंच्या घरी येणाजाणाऱ्याशी मराठी-कन्नड मिसळून बोलणं, पण पत्र मात्र शुद्ध कन्नड, 'नावेल्ला क्षेम' अशा सुरुवातीचं. म्हणजे घरातली एक भाषा पत्राच्या आधाराने जगत होती. फोन आला, बोलणं वाढलं, पत्र थांबलं. तारही १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. पत्र गेलं, तसं त्या भाषेचं घरातलं रोजचं कामच गेलं!

एसएमएसने ते परत दिलं असतं, पण तिथे गणित आडवं आलं. एका एसएमएसमध्ये जागा १४० बाइटची. त्यात इंग्रजी अक्षरं १६० मावतात, देवनागरी किंवा कन्नड मात्र ७०, कारण या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात ते निराळंच. शिवाय बऱ्याच हँडसेटवर अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसत. मग लोकांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला घेतलं. पैसे वाचवण्यासाठी लागलेली ती सवय आता काही कारण नसताना चालू आहे.

त्याचा फटका कुणाला? आमच्या घरच्या ग्रुपवर तीन पिढ्या आहेत. आई मराठी वाचते, सासूबाई कन्नड वाचतात. इंग्रजी अक्षरांतला मजकूर दोघींनाही लागत नाही. नातीने स्वतःच्या निकालाची बातमी लिहिली, ती दोघींना दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवली. आयुष्यभर पत्रं लिहिलेल्या बायका अशा एका रात्रीत निरक्षर ठरल्या, यासारखं दुसरं दुःख नाही.

पण वाचकहो, यातून मार्ग आहे, आणि तो यंत्रातच आहे. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या १९९१ पासून युनिकोडमध्ये आहेत. आजच्या साध्या स्मार्टफोनवरही दोन्ही दिसतात, दोन्ही लिहिता येतात. कॉम्प्युटरवर तर आणखी सोय. इनस्क्रिप्ट या सरकारमान्य पद्धतीत ज्या बटणावर मराठी 'क', त्याच बटणावर कन्नड 'क'. 'प', 'त', 'र', 'म' यांचंही तसंच. एक लिपी बोटांत बसली की दुसरी जवळजवळ फुकट! कन्नडमधले ऱ्हस्व 'ए' आणि ऱ्हस्व 'ओ' तेवढे वेगळे शिकावे लागतात. मशीनने दोन्ही भाषांना एका बाकावर बसवलंय, आपणच त्यांना वेगळं ठेवतोय.

आमच्याकडे आता एक साधा नियम आहे. रविवारी मुलीने दोन ओळी आजीला मराठीत आणि दोन ओळी अज्जीला कन्नडमध्ये लिहायच्या. कन्नड अक्षरं तिला आईने शिकवली, बटणं मी. चुका होतात, जोडाक्षरं उलटीसुलटी पडतात, पण दोघी स्वतःच्या डोळ्यांनी वाचतात. चष्मा पुसून पुन्हा वाचतात, शेजारणींना दाखवतात.

गेल्या आठवड्यात सासूबाईंनी पहिल्यांदाच स्वतः टाईप करून उत्तर पाठवलं. दोनच शब्द होते, 'मत्त बरी'. म्हणजे, पुन्हा लिही.