आशाताई तुमच्या ड्रममध्ये टॉर्च का मारतात?

परवा भोकरदनमध्ये शेजारच्या काकू आशाताईंवर वैतागल्या, "ताप कुणालाच नाही, मग रांजण कशाला बघता?"

ताप यायच्या आधीच बघायचं असतं, काकू!

समजा १०० घरं तपासली. ८ घरांत डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अळ्या सापडल्या, तर घर निर्देशांक ८. त्या घरांत मिळून अळ्यांची भांडी निघाली २०, तर ब्रेटो निर्देशांक २०. मला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. शंभर घरांमागे किती ठिकाणी पैदास चालू आहे, ते तोच सांगतो.

हा एडिस बहुतेक साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून आपल्या जालन्यासारख्या टंचाईच्या जिल्ह्यात उन्हाळाही बिनधोक नाही; नळाला पाणी कमी, तितके घरात ड्रम जास्त.

अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, सगळी भांडी रिकामी करायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटतात, कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. भांडं आतून घासा. (फ्रिजमागचा ट्रे सगळेच विसरतात.) हौद रिकामा होत नसेल तर गप्पी मासे सोडा.

तुमच्याकडे पाणी कशात साठवता? काही शंका असेल तर खाली विचारा.